नागपुरात इनलाइन फिगर स्केटिंग शिकताना

नागपुरात बर्फाची रिंक नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर जाणाऱ्या शहरात ती होईल तेव्हा होईल, तोवर चाकांवर फिगर स्केटिंग, म्हणजे गिरक्या-उड्यांचं स्केटिंग, शिकता येतं का, याचा शोध मी २०२३च्या दिवाळीनंतर सुरू केला. शिकता येतं. पण तेव्हा मराठीत मला काहीच सापडलं नाही आणि इंग्रजीत जे होतं ते बर्फ हाताशी असलेल्यांसाठी लिहिलेलं होतं. म्हणून खर्च, कागदपत्रं, दुखणी, उन्हाळा-पावसाळा, सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतेय.

मी मिहानमध्ये नोकरी करते. शाळेत असताना आठवीपर्यंत स्पीड स्केटिंग करायचे, तेही चार कोपऱ्यांना चार चाकं असलेल्या क्वाडवर. सुरुवात केली तेव्हा वय २७. हे सांगायचं कारण इतकंच की लहानपणी कधी स्केट पायात घातले असतील तर तोल लवकर परत येतो. नसतील घातले तर वेळ थोडा जास्त धरा, बाकी वाट तीच आहे.

इनलाइन फिगर म्हणजे बर्फावरच्या फिगर स्केटिंगसारखाच उंच टाचेचा ताठ बूट, पण खाली पात्याऐवजी एका ओळीत तीन किंवा चार चाकांची फ्रेम आणि पुढे रबराचा टो स्टॉपर. रस्त्यावर मुलं घालतात त्या इनलाइनपेक्षा ही फ्रेम वेगळी. हिची सगळी चाकं एका पातळीत नसतात, मधली किंचित खाली असतात. बर्फाच्या पात्याला तळाशी जो बाक असतो तो इथे चाकांच्या उंचीतून आणलेला असतो. त्या बाकामुळेच जागच्या जागी वळता येतं आणि गिरकी घेता येते. कल्पना जुनी आहे. १८२३मध्ये लंडनच्या रॉबर्ट जॉन टायर्सने एका ओळीत पाच चाकं असलेल्या स्केटचं पेटंट घेतलं, त्यातही मधलं चाक मोठं होतं. तेव्हाही हेतू बर्फावरची चाल जमिनीवर आणण्याचाच होता.

पहिलं काम म्हणजे शिकवणारं कोणी शोधणं. नागपुरात स्केटिंगचे क्लास भरपूर, पण जवळपास सगळे स्पीडचे. आर्टिस्टिक, म्हणजे चाकांवरचं फिगर स्केटिंग, शिकवणारे सर विचारत विचारत सापडले. पश्चिम नागपुरातल्या एका उघड्या सिमेंटच्या रिंकवर ते सकाळी लहान मुलांना शिकवतात. मी म्हटलं, "सर, मला इनलाइनवर फिगर करायचंय." त्यांनी आधी वय विचारलं, मग म्हणाले, "मंग घाई नको करू. आधी क्वाडवर एका पायावर गोल काढून दाखव, आतल्या कडेवरून बी आन् बाहेरच्या बी."

(कड म्हणजे झुकून स्केटच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूवर तोल ठेवणं.) डिसेंबर-जानेवारी दोन्ही महिने मी तेच केलं. उसने क्वाड, गोल, एका पायावर, पुढे, मागे. त्या वेळी कंटाळा यायचा. आज कोणी विचारलं तर मी हेच सांगते: सामान मागवायच्या आधी दोन महिने साध्या स्केटवर कडा पक्क्या करा. महिन्याची फी १,५०० रुपये, बाकी खर्च शून्य, आणि आपल्याला हे खरंच करायचंय का ते तेवढ्यात कळतं.

सामानाचं प्रकरण फेब्रुवारीत सुरू झालं आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात. बूट आणि फ्रेम वेगवेगळे घ्यावे लागतात. फ्रेममध्ये पिक, स्नो व्हाइट, इटलीच्या रोल-लाइनची लिनिया अशी नावं आहेत. बुटांमध्ये एडिया, रिसपोर्ट, जॅक्सन. बुटाचा नंबर आपल्या चपलेच्या नंबरावरून काढायचा नाही. संध्याकाळी, पाय दिवसभर वापरून थोडे सुजलेले असताना, कागदावर दोन्ही पाय ठेवून बाह्यरेषा काढा, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि विकणाऱ्याला ते माप पाठवा. दोन पायांत फरक असतोच, माझ्यात चार मिलिमीटरचा निघाला. बुटाच्या ताठपणाचेही दर्जे असतात. दुहेरी-तिहेरी उड्या मारणाऱ्यांचा बूट नवशिक्याने घेतला तर घोटा वाकतच नाही, मग गुडघाही वाकत नाही. मी मधला घेतला.

पार्सल परदेशातून येतं तेव्हा कुरिअर कंपनी केवायसी मागते. आधार, पॅन, पैसे भरल्याचा पुरावा आणि त्यांना कस्टम्सचं काम करायला परवानगी देणारं पत्र. हे सगळं एकाच पीडीएफमध्ये आधीच तयार ठेवा. माझ्याकडे तीन वेळा तीच कागदं मागितली गेली, दर वेळी वेगळ्या ईमेलवरून, आणि प्रत्येक वेळी पार्सल आणखी काही दिवस गोदामात पडून राहिलं. बिलावर वस्तूचं वर्णन नीट असू द्या. आइस स्केट आणि रोलर स्केटचा शुल्क कोड ९५०६ ७० आहे, तो विकणाऱ्याकडून बिलावर लिहून घेतला तर निदान 'हे नेमकं काय आहे' हा प्रश्न येत नाही. मागवल्यापासून हातात पडेपर्यंत सहा आठवडे गेले. बूट, फ्रेम, वाहतूक आणि शुल्क धरून सत्तर हजारांच्या आसपास खर्च झाला. एवढे पैसे एकदम घालताना पोटात गोळा आला होता. आईला मी आकडा दोन टप्प्यांत सांगितला.

खोकं उघडल्यावर लगेच घालून पळता येत नाही. फ्रेम बुटाला बसवावी लागते आणि ते काम नागपुरात कोण करणार? सीताबर्डीवर एक चपला-बूट शिवणारे काका आहेत, वीसेक वर्षं तिथेच बसतात. त्यांनी बूट हातात घेऊन उलटा केला, तळाच्या चामड्यावर नख दाबून पाहिलं आणि विचारलं, "याले भोक पाडू? इतका महागाचा बूट?" मी खडूने टाचेच्या मध्यापासून दुसऱ्या बोटापर्यंत रेघ मारून नेली होती. फ्रेमला काही छिद्रं लांबट असतात, काही गोल. आधी फक्त लांबट छिद्रांत स्क्रू घालायचे, म्हणजे फ्रेम एक-दोन मिलिमीटर डावी-उजवीकडे सरकवता येते. आठवडाभर चालवून पाहायचं. एका पायावर सरळ जाताना स्केट सतत आत ओढत असेल तर फ्रेम थोडी आत सरकवायची, बाहेर ओढत असेल तर बाहेर. सरळ जायला लागलं की मगच गोल छिद्रं पाडून पक्कं करायचं. काकांनी आरी तापवून न घेता हाताने हळूहळू भोक पाडलं, त्यात फेविकॉलचा एक थेंब सोडला आणि मग स्क्रू पिळला. दोन्ही खेपांचे मिळून ३०० रुपये घेतले. त्या स्क्रूंपैकी एकही आजपर्यंत ढिला झालेला नाही.

मार्चमध्ये रिंकवर कडुनिंबाची पानगळ होते. सकाळी साडेपाचला जाऊन आधी रिंक झाडायची हा माझा नेम तेव्हा सुरू झाला. क्वाडखाली पान किंवा बारीक खडा आला तर फार तर हिसका बसतो. इनलाइनखाली आला आणि त्या वेळी आपण कडेवर झुकलेले असलो तर चाक सरकतंच. पात्याला मध्ये पन्हळ असते आणि दोन्ही बाजूंना धार, त्यामुळे ते बर्फात चावतं. चाकाला धार नसते, पकड सगळी रबरासारख्या पॉलियुरेथेनची आणि आपल्या झुकण्याची. म्हणून फरशी कशी आहे हे फार महत्त्वाचं. चाकाचा कडकपणा 'ए' मापात लिहिलेला असतो. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. आमच्या खरखरीत सिमेंटवर कडक चाकं चांगली चालतात. मऊ चाकं तिथे चिकटतात आणि लवकर झिजतात. गुळगुळीत फरशीवर उलट, कडक चाक घसरतं. दोन फरशांवर सराव असेल तर चाकांचे दोन संच लागतात. बेअरिंग मात्र नेहमीचंच ६०८, ते इतवारीत सहज मिळतं.

'थ्री टर्न' म्हणजे एका पायावर पुढून मागे वळणं. बर्फावर वळणाच्या क्षणी पातं थोडं घसरतं आणि चूक माफ होते. चाक आडवं घसरत नाही. नेमक्या त्या क्षणी गुडघा सरळ करून अंगाचं वजन उचलून घ्यावं लागतं, मग पुन्हा वाकायचं. सर भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि नुसतं "वर... खाली... वर... खाली" म्हणत राहायचे. हे जमायला एप्रिल संपला.

मग उन्हाळा. सकाळी सातनंतर सिमेंट तापायला लागतं आणि चाकं मऊ पडल्यासारखी वागतात, म्हणून साडेपाच ते सात एवढाच वेळ. उरलेला सराव घरी, स्केटशिवाय. दोरीवरच्या उड्या, भिंतीजवळ हवेतल्या फेरीचा सराव, उतरताना एका पायावर गोठून उभं राहणं. हवेत फिरायचं ते जमिनीवर शिकता येतं, त्याला चाकंही लागत नाहीत आणि बर्फही. बर्फावरचे खेळाडूही हा सराव रोज करतात.

जूनमध्ये मी पडले. सॅल्कोव या उडीचा सराव करताना पाय पुढे निसटला आणि थेट माकडहाडावर बसले. एक्स-रे काढला, मोडलं नव्हतं, पण तीन आठवडे विश्रांती आणि ऑफिसात मधे भोक असलेली उशी. एक्स-रे आणि औषधांना बाराशे रुपये लागले. त्या काळात पुन्हा उडी मारायची भीती खूप वाटली. रात्री डोळे मिटले की पाय निसटतानाचा तो क्षण यायचा. परत आल्यावर सरांनी महिनाभर उडी मारूच दिली नाही, नुसत्या वॉल्ट्झ जंपच्या, म्हणजे अर्ध्या फेरीच्या, उतरण्या करून घेतल्या. कमरेला आणि मागे गादी असलेली सराव-चड्डी मी तेव्हा घेतली. मनगटाचे आणि गुडघ्याचे गार्ड आधीपासून होते. माझं सांगणं एवढंच, की ती चड्डी पहिल्याच दिवशी घ्या.

पावसाळ्यात उघडी रिंक बंद. ओल्या सिमेंटवर चाक टिकत नाही आणि बेअरिंग गंजतात. बॅडमिंटन हॉलवाल्यांनी लाकडी फरशी दाखवून हात जोडले, आणि ते बरोबरच होतं. मग आषाढी एकादशीनंतर डोक्यात आलं की चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणजे मंगल कार्यालयं रिकामी. मानेवाड्याकडच्या एका कार्यालयात खाली मोठा हॉल होता, कोटा फरशी, खांब फक्त कडेला. तिथले व्यवस्थापक काका बराच वेळ माझे स्केट न्याहाळत होते.

"पोरी, फरशी फुटली तं कोन भरन?"

"काका, चाकं रबराची आहेत. एकदा पाहून तर घ्या."

मी दोन गोल काढले, एक छोटी उडी मारली. काकांनी वाकून फरशीवरून हात फिरवला. पुढे रबराचा स्टॉपर टेकला होता तिथे काळी रेघ उमटली होती. "हे पुसून द्यायचं रोज," म्हणाले. तासाला २०० रुपये ठरले, आठवड्यातून तीन संध्याकाळी. रेघ पुसायला रॉकेलचा बोळा लागायचा, तो मी पिशवीत ठेवायचे. कार्यालयात पंगतीची टेबलं एका भिंतीला रचलेली असायची, तीच माझी कडेची भिंत. टो लूप ही उडी तिथे आली. (आपल्याकडचे रोलरचे लोक टो लूपला मेप्स म्हणतात, हे माहीत असू द्या.) कोटा फरशीवर सिमेंटपेक्षा चाक लांब जातं. पहिल्यांदाच मला संगीतावर सलग दोन मिनिटं स्केट करता आलं.

ऑगस्टमध्ये सर म्हणाले, जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव दे. स्पर्धा ऐकूनच हातपाय गार पडले, पण नाव द्यायचं म्हणजे कागदपत्रं, आणि त्यांनी दुसरा विचारच करू दिला नाही. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना म्हणजे रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया. जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय अशी चढण. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्याला जिल्ह्याची मान्यता लागते. आधार, फोटो, नोंदणी क्रमांक असलेल्या डॉक्टरचं फिटनेस प्रमाणपत्र आणि जन्मदाखला. माझ्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं 'मुलगी'. आमच्या पिढीतल्या पुष्कळांचं असं आहे, त्यामुळे तुमचा दाखला आजच काढून पाहा. नाव चढवायला शाळा सोडल्याचा दाखला, आईबाबांचे आधार आणि अर्ज लागला. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत तीन आठवडे गेले. एका ठिकाणी तर साहेब रजेवर आहेत म्हणून सलग दोन वेळा परत पाठवलं. फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दाखला मिळाला.

स्पर्धा सप्टेंबरच्या शेवटी झाली. आदल्या रात्री पाऊस पडून गेल्यामुळे सकाळी पालकांनीच पोती आणि झाडू घेऊन रिंक कोरडी केली. संगीत पेन ड्राइव्हवर आणि मोबाइलवर, दोन्हीकडे ठेवा. तिथला लॅपटॉप माझी फाइल उघडत नव्हता, मोबाइलवरून वाजवली. वर्ल्ड स्केट या जागतिक संघटनेची रोलआर्ट नावाची गुणपद्धत आहे. बर्फासारखीच, प्रत्येक उडी-गिरकीची मूळ किंमत ठरलेली आणि ती कशी केली त्यावर अधिक-उणे. ती वाचून मी ठरवलं होतं की लूप ही उडी अर्धवट घालण्यापेक्षा पक्के टो लूप आणि सॅल्कोव घालायचे. इनलाइनच्या मोठ्यांच्या गटात आम्ही दोघीच होतो. दुसरी मुलगी कॉलेजमधली, तिचा लूप फार सुंदर होता आणि पहिला नंबर तिचाच आला. माझी गिरकी तीन फेऱ्यांत थांबली, उड्या दोन्ही उतरल्या. दुपारी आम्ही दोघींनी आणि तिच्या आईने मिळून तर्री पोहे खाल्ले. तेव्हापासून आम्ही सराव एकत्रच करतो.

या खेळात आपल्या देशाचं नाव आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुप कुमार यामाने आर्टिस्टिकमध्ये एकेरीत कांस्यपदक मिळवलं, अवनी पांचाळसोबत जोडीतही मिळवलं, आणि पुढे त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. स्पर्धेतल्या त्या कॉलेजच्या मुलीच्या आईने हे पोहे खाता खाता सांगितलं आणि घरी येऊन मी रात्रभर त्याचे व्हिडिओ पाहिले.

उरलं बर्फाचं. जानेवारी २०२५मध्ये आठवडाभराची रजा टाकून गुरुग्रामला गेले. तिथे अँबियन्स मॉलमध्ये आयस्केट ही रिंक आहे. नागपूरहून रात्रीच्या गाडीने नवी दिल्ली, तिथून पिवळ्या मार्गिकेच्या मेट्रोने गुरुग्राम. माझ्या बुटाला फ्रेम पक्की असल्यामुळे तिथले भाड्याचे स्केट घेतले. हातमोजे आणि जाड मोजे सोबत न्या.

बर्फावर पहिली पाच मिनिटं मी कठड्याला धरून होते. मग एक ढकल दिली आणि चालतच राहिले. चाकांवर वेग टिकवायला सतत ढकलावं लागतं, बर्फावर एका ढकलेत अर्धी रिंक जाते. त्या घसरण्याने डोळ्यांत पाणी आलं. थ्री टर्न पहिल्याच दिवशी आले, इतके सोपे की मीच थबकले. वॉल्ट्झ जंप दुसऱ्या दिवशी. हात कुठे, डोकं कुठे, उतरताना मागच्या बाहेरच्या कडेवर किती वेळ थांबायचं, हे सगळं नागपुरातून जसंच्या तसं आलं होतं. जे आलं नाही ते दोन. एक, थांबणं. पातं आडवं करून बर्फ खरवडत थांबायचं असतं, चाकांवर आपण मागचा पाय घासून थांबतो. दुसरं, गिरकीचा बिंदू. पात्यावर तो टोकाशी कोरलेल्या दातांच्या अगदी मागे असतो आणि माझं अंग तो फ्रेमवरच्या जागी शोधत होतं. तिथल्या प्रशिक्षक ताईंनी दोन दिवस पाहून सांगितलं, "गुडघे छान आहेत, पण तू कडेवर झुकायला घाबरतेस." बरोबर होतं. धुळीच्या सिमेंटवर शिकलेलं अंग जास्त झुकत नाही. ज्यांना पुढे बर्फावर जायचंय त्यांनी स्वच्छ, गुळगुळीत फरशीवर खोल कडांचा सराव मुद्दाम वेगळा करावा. सिमेंटवर तो होत नाही.

तिथे बर्फावरचीच दोन मुलं भेटली. रिंकचा वेळ महाग, म्हणून आठवड्यातले बाकीचे दिवस ती पार्किंगमध्ये इनलाइन फ्रेमवर सराव करतात. त्यांनी बुटांचे दोन जोड ठेवलेत, एकाला पातं आणि एकाला फ्रेम. एकाच बुटाला आलटूनपालटून लावलं की तळातली छिद्रं सैल होत जातात. मीही यापुढे तसंच करणार, पैसे साठले की.

परत आल्यावर तीन-चार दिवस फरशी चिकट वाटली, चाकं जड वाटली. मग पुन्हा लागली सवय. आणि मला हे बर्फाच्या जागी केलेलं काहीतरी असं वाटेनासं झालं. चाकांवर तोंड लपवायला घसरण नसते, प्रत्येक वळण स्वच्छ करावंच लागतं. मला ते आवडतं. बर्फ मिळेल तेव्हा मिळेल.

सध्या लूप शिकतेय, फेरी पाऊण होते. सकाळी साडेपाच ते सात रिंकवर आम्ही तिघी असतो. कोणाला पाहायला यायचं असेल तर या. बघायला स्केट लागत नाहीत, पण करून पाहायचं असेल तर पूर्ण लांबीची पँट, पातळ मोजे आणि गुडघ्याचे गार्ड घेऊन या. पाच नंबरचे क्वाड मी देऊ शकते. झाडू तिथेच असतो.